वाद्यसंग्रह आणि वाद्यदान

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या चिटणीसांनी या वर्षीच्या संमेलनात मी काही बोलावे असा आग्रह धरला, तेव्हा प्रथम मी नकारच दिला होता. छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेतील मुलांना बाराखडी व पाढे शिकविलेला मी एक सामान्य शिक्षक. मॅट्रिक आणि शिक्षकाची सनद यांपलीकडे माझे शिक्षण गेलेले नाही. या व्यासपीठावरून यापूर्वी मोठमोठ्या विद्वानांची भाषणे झालेली आहेत. त्यांच्या पंक्तीला बसण्याची माझी योग्यता नाही, हे मी जाणतो. परंतु आमच्या घरी घडलेली एक गोष्ट गेली काही वर्षे मनात घोळत आहे, आणि ती आपल्यासमोर मांडल्याने संस्थेच्या हातून एखादे चांगले काम होईल अशी आशा वाटते, म्हणून मी उभा आहे. विषय वाद्यांचा आहे. मला स्वतःला वाद्य वाजविता येत नाही, हे आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कोणी मला तंबोरा जुळवावयास सांगणार नाही.

आमचे धाकटे काका मिरजेस रेल्वेच्या माल कचेरीत कारकून होते. आपणांपैकी वयोवृद्ध मंडळींनी त्यांना भजनात साथ करताना पाहिले असेल. पगार बेताचा, संसार मोठा, पण तारेच्या वाद्यांचे त्यांना विलक्षण वेड होते. कोणा कीर्तनकाराच्या पश्चात त्याच्या घरच्यांनी वीणा विकावयास काढली, कोणी सतार अडगळीत टाकली, असे कानावर आले की काका तेथे जाऊन पोहोचत. चाळीस वर्षांत त्यांनी अकरा वाद्ये जमविली. त्यांत चार तंबोरे, दोन सतारी, एक दिलरुबा, एक सारंगी, एक वारकरी वीणा, एक व्हायोलिन आणि त्या काळी मुंबईकडे मोठी चलती असलेली एक हवाईयन गिटार होती. आमच्या कृष्णाकाठच्या घरातील माडीवरची खोली या वाद्यांनी भरलेली असे. दर रविवारी काका प्रत्येक वाद्य पुसून, थोडे तरी वाजवून पुन्हा जागेवर ठेवीत. काही दिवस परगावी जावयाचे झाले तर सर्व तारा थोड्या थोड्या उतरवून ठेवीत. आम्हा मुलांना ते कंटाळवाणे वाटे. त्यामागील शहाणपण पुढे कळले, पण फार उशिरा कळले.

काका २००४ साली वारले. त्यांच्या आठवणीला धक्का लागू नये म्हणून आम्ही त्या खोलीला कुलूप लावले. दसऱ्याला ते उघडावे, उंबऱ्यातूनच फुले वाहावीत आणि पुन्हा लावावे, असा क्रम पंधरा वर्षे चालला. आपण काकांचा ठेवा जपत आहो, अशी आमची प्रामाणिक समजूत होती.

२०१९ सालच्या जून महिन्यात पुण्यास नोकरीस असलेला माझा मुलगा घरी आला होता. त्याला गिटार वाजविण्याचा नाद आहे. रात्री जेवताना तो म्हणाला, "बाबा, विलायतेत एका गवयाने आपल्या सव्वाशे गिटारी एकाच दिवसात विकून टाकल्या, आणि आलेला सगळा पैसा दान केला." मला प्रथम ते खरे वाटले नाही. त्याने सगळी हकीकत सांगितली. पुढे मीही जमेल तेवढे वाचून घेतले. ती हकीकत थोडक्यात अशी आहे.

डेव्हिड गिल्मर हे इंग्लंडमधील नामांकित गिटारवादक. जन्म १९४६ सालचा, केंब्रिजचा. 'पिंक फ्लॉइड' या जगप्रसिद्ध वाद्यवृंदात ते १९६८ च्या सुमारास सामील झाले. त्यांच्या संगीताविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. मुलाने मला त्यातील काही ऐकविले. शब्द कळले नाहीत, पण एकेका स्वरावर बराच वेळ थांबून त्याला हळूच आंदोलन देण्याची त्यांची रीत आहे, ती आपल्याकडील मींडेची आठवण करून देणारी वाटली. पन्नास वर्षांच्या वादनात त्यांच्याजवळ गिटारींचा फार मोठा संग्रह झाला. काही त्यांनी हौसेने घेतल्या, पुष्कळशा कामासाठी घेतल्या.

त्यांतील सर्वांत प्रसिद्ध म्हणजे एक काळ्या रंगाची फेंडर स्ट्रॅटोकास्टर. ही त्यांनी १९७० साली न्यूयॉर्कमधील 'मॅनीज' नावाच्या वाद्यांच्या दुकानातून घेतली. १९७३, १९७५ आणि १९७९ साली निघालेल्या त्यांच्या ज्या ध्वनिमुद्रिका जगभर गाजल्या, त्यांत हीच गिटार वाजलेली आहे. मला नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. एवढे मोलाचे वाद्य, पण त्याला त्यांनी कधी देव्हाऱ्यात बसविले नाही. तिची मान त्यांनी अनेकदा बदलली. आतील यंत्रे बदलली. एकदा तर नवा भाग बसविण्यासाठी तिच्या अंगात खाच पाडली, आणि तो भाग पसंत पडेना तेव्हा तो काढून ती पुन्हा पूर्ववत करविली. सुतार रंध्याला किंवा शेतकरी नांगराला जसा वागवितो, तसे त्यांनी तिला वागविले.

१९८६ च्या सुमारास त्यांनी ही गिटार अमेरिकेतील एका उपाहारगृहात शोभेसाठी मांडावयास दिली. तेथे ती दहाएक वर्षे राहिली. जेवावयास येणारे लोक तिच्याकडे कौतुकाने पाहत, पण ती वाजत नव्हती. पुढे त्यांनी ती परत आणविली आणि २००५ साली, लंडनमधील मोठ्या धर्मार्थ जलशात जुने सोबती पुष्कळ वर्षांनी एकत्र आले तेव्हा, तीच हाती घेऊन वाजविली.

येथे शिक्षकाच्या सवयीप्रमाणे थोडे विषयांतर करतो, कारण अशा गिटारीत भोपळा नाही, पोकळ पेटी नाही, मग ती वाजते कशी, हा प्रश्न मला स्वतःलाच पडला होता. तारा पोलादाच्या असतात. त्यांच्याखाली लहान लोहचुंबक बसविलेले असून त्यांभोवती तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. तार कंप पावली की चुंबकाच्या क्षेत्रात फरक पडतो आणि त्या वेढ्यांतून क्षीण विद्युत्प्रवाह निर्माण होतो. तो वाढवून ध्वनिक्षेपकात सोडला की नाद ऐकू येतो. स्ट्रॅटोकास्टर ही बनावट लिओ फेंडर यांनी १९५४ साली कॅलिफोर्नियात बाजारात आणली. आणि गंमत अशी की, या फेंडरसाहेबांना स्वतःला गिटार वाजविता येत नसे! तेव्हा वाद्य न येणाऱ्यानेही वाद्यांची सेवा करावी, याला मला एक मोठा आधार सापडला.

आता मूळ गोष्टीकडे येतो. २०१९ च्या जानेवारीत गिल्मर यांनी जाहीर केले की आपण आपल्या सव्वाशेच्या आसपास गिटारी लिलावात काढणार आहो. या वाद्यांनी आपल्याला पुष्कळ दिले, आता त्यांनी दुसऱ्या कोणाच्या घरी जाऊन सेवा करावी, असा त्यांचा आशय होता. अगदी थोडी वाद्ये त्यांनी स्वतःच्या वापरापुरती मागे ठेवली. लिलावापूर्वी लंडन, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क येथे ती सर्व लोकांना पाहण्यासाठी मांडण्यात आली. २० जून २०१९ रोजी न्यूयॉर्क येथे क्रिस्टीज या जुन्या पेढीने लिलाव पुकारला. काळ्या गिटारीला एक ते दीड लाख डॉलर येतील असा पेढीचा अंदाज होता. ती गेली ३९,७५,००० डॉलरना, म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे साडेसत्तावीस कोटी रुपयांना! लिलावात गिटारीला एवढी किंमत तोपर्यंत कधी आलेली नव्हती. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका वादकाच्या गिटारीने ती मागे टाकली, ही गोष्ट निराळी. १९५४ सालची, ०००१ असा अनुक्रमांक असलेली एक पांढरी स्ट्रॅटोकास्टर १८,१५,००० डॉलरना गेली. मार्टिन कंपनीची १९६९ सालची एक साधी लाकडी गिटार १०,९५,००० डॉलरना गेली. ती गिल्मर यांनी न्यूयॉर्कमध्ये रस्त्यावर भेटलेल्या एका माणसाकडून विकत घेतलेली होती. एकूण रक्कम झाली २,१४,९०,७५० डॉलर, म्हणजे जवळजवळ दीडशे कोटी रुपये.

ही सारी रक्कम 'क्लायंटअर्थ' या संस्थेस देण्यात आली. ही वकिलांची संस्था असून हवा, पाणी व निसर्ग यांच्या रक्षणासाठी ती न्यायालयांत झगडते. इंग्लंडमधील शहरांच्या दूषित हवेबद्दल तिने खुद्द सरकारवरच फिर्याद केली होती, आणि २०१५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. गिल्मर यांचे हे पहिलेच मोठे दान नव्हते. यापूर्वी त्यांनी लंडनमधील आपले घर विकून सुमारे ३६ लाख पौंड बेघर लोकांसाठी काम करणाऱ्या संस्थेस दिले होते.

असे करणारे ते एकटेच नव्हेत. एरिक क्लॅप्टन हे त्यांच्याच पिढीचे दुसरे थोर वादक. ते स्वतः मद्य व मादक पदार्थ यांच्या व्यसनात खोल बुडून बाहेर आलेले. अशा रोग्यांसाठी त्यांनी १९९८ साली अँटिग्वा बेटावर एक केंद्र स्थापन केले आणि त्याच्या खर्चासाठी १९९९ साली आपल्या शंभर गिटारी विकून पन्नास लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी केली. २००४ साली पुन्हा लिलाव केला. त्या वेळी आपली अत्यंत लाडकी 'ब्लॅकी' ही गिटारही त्यांनी मागे ठेवली नाही. मार्क नॉफ्लर यांनी २०२४ च्या जानेवारीत लंडन येथे आपला संग्रह विकला. त्यातून ८८ लाख पौंडांहून अधिक आले आणि त्याचा चतुर्थांश त्यांनी धर्मादाय संस्थांना दिला.

बंधूंनो, परक्या देशाची एवढी स्तुती ऐकून कोणाच्या मनात येईल की, आपल्याकडे असे कोणी झालेच नाही काय? झाले आहेत, आणि फार पूर्वी झाले आहेत. कलकत्त्याचे राजा सौरींद्रमोहन ठाकूर हे १८४० ते १९१४ या काळातील संगीतशास्त्रज्ञ. ते स्वतः सतार शिकलेले. १८७१ साली त्यांनी कलकत्त्यास संगीताची शाळा काढली आणि १८७५ साली 'यंत्रकोष' नावाचा वाद्यांविषयीचा बंगाली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी जमविलेली वाद्ये घरात कोंडून ठेवली नाहीत. १८७६ साली बेल्जमच्या राजाकडे त्यांनी सुमारे शंभर हिंदी वाद्ये भेट म्हणून पाठविली. पुढील वर्षी ब्रुसेल्स येथील संगीत विद्यालयात वाद्यांचे संग्रहालय स्थापन झाले, त्याच्या मूळ भांडवलात ही भेट आहे. इतर देशांतील संग्रहालयांनाही त्यांनी अशीच वाद्ये दिली. हिंदी संगीत म्हणजे काय हे युरोपातील विद्वानांस प्रत्यक्ष हाताळून पाहता आले, त्यात या दानाचा मोठा वाटा आहे.

आपल्या महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर पुण्याच्या दिनकर केळकरांचे नाव घ्यावे लागेल. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थांनी दिवे, अडकित्ते, दारे, खिडक्या आणि वाद्ये गोळा करण्यात सारे आयुष्य वेचले. अल्पवयात गेलेल्या राजा नावाच्या आपल्या मुलाच्या स्मृत्यर्थ त्यांनी त्या संग्रहालयाला त्याचे नाव दिले, आणि १९७५ साली तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आपल्या मुलाची आठवण त्यांनी कुलपात ठेवली नाही, लोकांसाठी उघडी ठेवली. हे वाक्य मी माझ्यासाठी बोलत आहे, हे आपल्या ध्यानी आलेच असेल.

त्या रात्री मुलाची गोष्ट ऐकून मला झोप आली नाही. सकाळी मी किल्ली घेऊन माडीवर गेलो. मुलगाही बरोबर आला. पंधरा वर्षांत प्रथमच आम्ही उंबऱ्याच्या आत पाऊल टाकले, खोळी काढल्या, आणि जे दिसले ते सांगताना आजही मला लाज वाटते.

दोन तंबोऱ्यांचे भोपळे किड्यांनी आतून पोखरले होते. हात लावताच एकाचा तुकडा माझ्या हातात आला. तिसऱ्याची तबली फुगून वर आली होती. सारंगीचे कातडे उंदरांनी कुरतडले होते. व्हायोलिनचे सांधे सुटून त्याची मान पाठीपासून वेगळी झाली होती. हवाईयन गिटारीची घोडी तबलीसकट उचकटली होती, कारण तिच्या तारा तशाच चढविलेल्या राहिल्या होत्या. मुलाने सांगितले की, पोलादी तारांच्या सहा तारी गिटारीवर सर्व तारांचा मिळून सत्तर किलोंहून अधिक ताण असतो. म्हणजे एक भरभक्कम माणूस त्या घोडीला पंधरा वर्षे लोंबकळत होता, आणि आम्ही उंबऱ्यातून तिला फुले वाहत होतो! काका परगावी जाताना तारा का उतरवीत, याचा उलगडा मला त्या क्षणी झाला.

एका वीणेच्या खोळीत काकांची वही सापडली. तीत प्रत्येक वाद्याची नोंद होती. कोणाकडून घेतले, केव्हा घेतले, किती रुपयांस, दुरुस्ती कोठे केली, सगळे होते. एका तंबोऱ्यापुढे त्यांनी लिहिले होते की, मूळ मालकाने पैसे घेतले नाहीत, हा वाजता ठेवावा एवढेच मागितले. मी वही मिटली आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. गिल्मर यांची वाद्ये फिल टेलर नावाच्या गृहस्थांनी कित्येक दशके सांभाळली, आणि त्या काळ्या गिटारीत केव्हा कोणता फेरबदल झाला याचा त्यांनी एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला, असे मी पुढे वाचले, तेव्हा मला काकांची ती वही आठवली. जपणे याला नोंद लागते, हात लागतो आणि दर आठवड्याचा वेळ लागतो. आम्ही यांतले काहीच दिले नव्हते, फक्त कुलूप दिले होते.

आम्ही टेंपो करून अकराही वाद्ये मिरजेस नेली. मिरजेच्या सतारमेकरांची परंपरा दीडशे वर्षांहून जुनी आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार मुसलमान कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात हा धंदा उचलला आणि तो नावारूपाला आणला. पंढरपूरकडील कडू भोपळे वाळवून, त्यांवर तुणीच्या लाकडाची दांडी व तबली बसवून येथे तंबोरे व सतारी घडतात, आणि देशभरचे गवई ते घेऊन जातात. २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास सरकारचे भौगोलिक मानांकनही मिळाले. ज्या वृद्ध कारागिरांकडे आम्ही गेलो, त्यांनी काकांना ओळखले. एकेक वाद्य त्यांनी मांडीवर घेऊन पाहिले, टिचकी मारली, आणि म्हणाले, "मास्तर, दहा वर्षांपूर्वी आणली असती तर सगळी वाचली असती."

अकरांपैकी सहा वाचली. त्यांत दोन तंबोरे, एक सतार, दिलरुबा, वीणा आणि हवाईयन गिटार ही होत. मूळ मालकाने काकांना फुकट दिलेला तो तंबोरा वाचलेल्यांत आहे, हे परमेश्वराचे उपकार. त्याला नवी घोडी बसवून, तिचा माथा घासून जवारी काढावयास कारागिरांना सबंध दुपार लागली. तारेखाली सुताचा जीव सरकवून त्यांनी तार छेडली, आणि काकांच्या खोलीतला तो घुमारा मी पंधरा वर्षांनी ऐकला. माझ्या डोळ्यांत पाणी आले, हे कबूल करावयास मला संकोच वाटत नाही.

आता ही वाद्ये पुन्हा माडीवर ठेवावयाची काय? घरात यावर बराच वाद झाला. माझी चुलत बहीण, म्हणजे काकांची थोरली मुलगी, आम्ही तिला आक्का म्हणतो, ती म्हणाली, "दादा, ती माझ्या वडिलांची आठवण आहे. लोकांना वाटून टाकायला ती काय प्रसादाची फळं आहेत?" तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. मी तिच्याशी वाद घातला नाही. काकांची वही तिच्या हाती दिली आणि ती नोंद वाचावयास सांगितली. दुसऱ्या दिवशी आक्का स्वतः म्हणाली, "दादा, तंबोरा द्या. पण ज्याला द्याल त्याचं नाव ह्याच वहीत लिहा." त्याप्रमाणे आज वहीत काकांच्या अक्षराखाली माझ्या अक्षरातील सहा नोंदी आहेत.

तो तंबोरा आम्ही आमच्या गल्लीतील एका मुलीला दिला. ती मोबाईलवरील तंबोऱ्याच्या आवाजावर रियाज करीत असे. घरची परिस्थिती अशी की नवा तंबोरा घेणे शक्यच नव्हते. पुढे ती गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या मध्यमा परीक्षेत चांगल्या रीतीने उत्तीर्ण झाली. ती आपल्या ज्ञातीची नाही. यावरून आपल्यांतील काही मंडळींनी मला बोल लावला की, मास्तरांनी घरची वस्तू बाहेर दिली. त्यांचा मान राखून मी एवढेच सांगतो की, तो तंबोरा घडविणारे हात आपल्या ज्ञातीचे नव्हते, आणि काकांना तो विनामूल्य देणारा गृहस्थही आपल्या ज्ञातीचा नव्हता, हे वहीत लिहिलेले आहे. घेताना आपण ज्ञात विचारली नाही, मग देताना ती विचारावी काय?

या विषयाची दुसरीही बाजू आहे आणि ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. माझ्या मुलाने मलाच प्रश्न केला की, गिल्मर यांची काळी गिटार ज्या धनिकाने घेतली, त्याच्याही संग्रहातच ती गेली ना? मग फरक काय पडला? प्रश्न बरोबर आहे. ती घेतली जिम अरसे यांनी. अमेरिकेतील एका फुटबॉल संघाचे ते मालक होते, आणि २०२५ साली वारले. परंतु त्यांनीही आपला संग्रह अमेरिकेतील निरनिराळ्या शहरांत नेऊन लोकांना विनामूल्य दाखविला आणि त्या प्रसंगी वादकांचे जलसेही करविले. तरीही एवढी किंमत आलेले वाद्य रोजच्या रियाजाला कोणी काढणार नाही, हे मान्यच केले पाहिजे. म्हणून मला वाटते की, जगप्रसिद्ध वाद्याचा पैसा करून तो सत्कार्यास लावणे हा एक मार्ग झाला, आणि दुर्मिळ वाद्य संग्रहालयास देणे हा दुसरा. परंतु आपल्या घरांतील वाद्ये या दोन्हींत बसणारी नाहीत. त्यांना बाजारात फारशी किंमत नाही आणि संग्रहालयाला त्यांची गरज नाही. त्यांची किंमत एकच आहे, ती म्हणजे कोणी तरी ती वाजवावीत. कोणी म्हणेल की, शिकाऊ मुलांच्या हाती दिली तर मोडतील. मोडतील, खरे आहे. पण माझ्या घरी कोणाच्याही हाती न देता पाच मोडली, त्याचा हिशेब कोणाला विचारावयाचा?

आता संस्थेपुढे माझी विनंती मांडतो. आपल्या सभागृहामागील खोलीत लोखंडी कपाटांवर काही वाद्ये ठेवलेली आहेत. निरनिराळ्या कुटुंबांनी आपापल्या वाडवडिलांच्या स्मरणार्थ ती दिलेली आहेत. त्यांवर देणगीदारांच्या नावांच्या पाट्या आहेत. मागील महिन्यात चिटणीसांच्या परवानगीने मी ती मोजली. पाच हार्मोनियम, तीन तंबोरे, दोन सतारी आणि एक व्हायोलिन. पैकी एकही आज वाजण्याच्या स्थितीत नाही. हा दोष कोणा एकाचा नाही. जे माझ्या घरी घडले तेच येथे घडले.

माझी सूचना अशी की, संस्थेने एक वाद्यभांडार सुरू करावे. पहिली गोष्ट, दुरुस्त होण्याजोगी वाद्ये मिरजेस नेऊन दुरुस्त करून घ्यावीत. दुसरी, ग्रंथालयातील पुस्तकाप्रमाणे ती शिकणाऱ्या मुलामुलींना एकेका वर्षाच्या मुदतीने, नाममात्र अनामत घेऊन द्यावीत. तिसरी, प्रत्येक वाद्याची वही असावी आणि तीत देणाऱ्याचे, घेणाऱ्याचे व दुरुस्ती करणाऱ्याचे नाव असावे. चौथी, वर्षातून एकदा, याच संमेलनात, त्या मुलांनी त्याच वाद्यांवर दहा-दहा मिनिटे वाजवून दाखवावे, आणि देणगीदार कुटुंबांना पुढच्या रांगेत बसवावे. आणि पाचवी, भांडार आपल्या ज्ञातिसंस्थेचे असले तरी त्याचे दार शिकू इच्छिणाऱ्या कोणत्याही मुलास बंद असू नये. ही पाचवी सूचना काहींना पटणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांनी ती आज मान्य करावी असा माझा आग्रह नाही. त्यांनी एकदा त्या मुलीचे गाणे ऐकावे, मग कार्यकारी मंडळात मत द्यावे, एवढीच विनंती आहे.

या भांडारासाठी आमच्या घराकडून काकांची सतार आणि हवाईयन गिटार आज मी अध्यक्ष महाराजांच्या स्वाधीन करीत आहे. आक्काने सोबत दुरुस्तीसाठी पाच हजार रुपयांचे पाकीट दिले आहे. सतारीवर काकांच्या नावाची पाटी लावू नये, अशी तिची इच्छा आहे. नाव वहीत असले म्हणजे पुरे, असे तिचे म्हणणे.

सभेस येण्यापूर्वी काल मी माडीवर जाऊन आलो. खोली आता जवळजवळ रिकामी आहे. तेथे दोन तुटके भोपळे मात्र मी मुद्दाम ठेवले आहेत. घरात कोणी वस्तूला कुलूप लावू लागले की ते दाखवावयास उपयोगी पडतील.

 शिक्षकाला घंटा झाली तरी थांबवत नाही, हा त्याच्या धंद्याचा दोष समजून आपण मला क्षमा करावी. अध्यक्ष महाराजांनी आणि कार्यकारी मंडळाने या सूचनांचा अवश्य विचार करावा, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.